वारशाने आलेल्या समजुती तपासायच्या कशा? घरात राहून, माणसं न तोडता

पांडवलेणी कोणी कोरली, असं नाशिकमधल्या कुठल्याही लहान मुलाला विचारा. उत्तर तयार असतं: पांडवांनी, वनवासात असताना. त्याला ते आईने सांगितलेलं असतं, आईला तिच्या आईने. त्रिरश्मी डोंगर चढून वर गेलं की भिंती मात्र वेगळं सांगतात. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. एका लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, दुसऱ्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री. चैत्यगृहाच्या दर्शनी भागासाठी धंभिक गावच्या लोकांनी दान दिल्याची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी ही लेणी कोरली गेली. उत्तर दगडात लिहिलेलं होतं. पण लिपी वाचता येत नव्हती आणि घरातून मिळालेलं उत्तर पुरेसं वाटत होतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या तेच पुढे जात राहिलं.

या एका समजुतीमुळे कोणाचं लग्न अडलं नाही. पण ज्या वाटेने ती आपल्याकडे आली, त्याच वाटेने इतरही पुष्कळ आल्या आहेत. मुलीला मंगळ आहे, तेव्हा स्थळ बघून. पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय? आपल्या घरात कोणी धंदा केलेला नाही, नोकरीच बरी. मोठ्यांसमोर मत मांडायचं नाही. आपण कोणाशी लग्न करतो, काय शिकतो, कशाला घाबरतो आणि कुठे गप्प बसतो, हे यातल्या बऱ्याचशा समजुती आपल्या आधीच ठरवून ठेवतात. माणूस म्हणून वाढायचं असेल तर हे निर्णय परत आपल्या हातात घ्यावे लागतात. पुढे सांगितलेली पद्धत अशांसाठी आहे, ज्यांचं घरच्यांवर प्रेम आहे, ज्यांना त्याच घरात राहायचं आहे, आणि तरीही काही गोष्टी आता मनाला पटत नाहीत.

पायरी पहिली: एकच समजूत घ्या आणि ती घरात बोलली जाते तशीच लिहा

सगळं एकदम तपासायला निघालात तर आठवड्याभरात घरात भांडण आणि डोक्यात गोंधळ, एवढंच हाती लागतं. वही घ्या, एक वाक्य लिहा. शब्द घरचेच ठेवा. ‘पितृपक्षात नवीन काही घेऊ नये.’ ‘आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत.’ ‘अमावास्येला प्रवासाला निघू नये.’ समजूत पकडायची कशी, असा प्रश्न पडला तर दोन खुणा आहेत. एक, वाक्यात ‘आमच्यात’ किंवा ‘आपल्यात’ येतं. दुसरी, ती मोडण्याचा नुसता विचार केला तरी पोटात खड्डा पडतो, पण नेमकं काय होईल ते सांगता येत नाही.

आता त्या वाक्याचे भाग वेगळे करा. बहुतेक समजुतींमध्ये वस्तुस्थितीचा एक दावा असतो, एक भावना असते आणि एक रीत असते. नाशिकमध्ये गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, आणि ‘गंगा कधी मैली होत नाही’ हे वाक्य रामकुंडावर रोज कोणी ना कोणी म्हणतं. यात भावना आहे: ही नदी माझी आई आहे. ती तपासायची गोष्टच नाही, तिला पुरावा लागत नाही. पण त्यात पाण्याबद्दलचा एक दावाही दडलेला आहे, आणि तो प्रयोगशाळेत तपासता येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार अंघोळीयोग्य पाण्यात जैविक ऑक्सिजनची मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. नदीचं पाणी या निकषात बसतं की नाही, हे मोजून कळतं, श्रद्धेने कळत नाही. दोन्ही भाग एकत्र बांधलेले राहिले की काय होतं ते आपण बघतोच: आईवर इतकी माया, आणि निर्माल्याची पिशवी प्लॅस्टिकसकट तिच्याच पाण्यात. भाग सुटे केले की माया शाबूत राहते आणि पिशवी घाटावरच्या निर्माल्य कलशात जाते.

काही गोष्टी नुसत्या रीती असतात. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, उघडतात, पूजा होते, माणसं रंगाच्या पाण्यात धप्पा मारतात. यात सिद्ध करण्यासारखं काही नाही आणि करायची गरजही नाही. आनंद आहे, शेजार आहे, पेशवाईपासूनची आठवण आहे. अशा रीतीला ‘याचा उपयोग काय’ असं विचारत बसणारा माणूस विवेकी वाटत नाही, मला तो थोडा कोरडा वाटतो. तपासणीची ताकद जिथे लागणार आहे तिथे राखून ठेवा.

पायरी दुसरी: ती कुठून आली ते मोठ्यांना विचारा, पण वाद घालायला नको

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ निवांत बसा. ‘हे खरं कशावरून?’ असं विचारलं की समोरचा माणूस बचावात जातो. ‘आजी, तुझ्या सासरी हे कसं पाळायचे? तुला काय वाटायचं तेव्हा?’ असं विचारा. मग जे बाहेर येतं ते पुष्कळदा थक्क करणारं असतं. नियम वाटतो तितका जुना नसतो, शेजारच्या तालुक्यात तो उलटा पाळला जातो, किंवा आजीलाच तो कधी पटलेला नसतो आणि आजवर तिला कोणी विचारलेलं नसतं.

इथे एक सावधगिरी. आजकाल प्रत्येक रूढीला मागाहून ‘शास्त्रीय कारण’ चिकटवलं जातं आणि ते व्हॉट्सॲपवरून घरोघर पोचतं. अशा कारणाची परीक्षा सोपी आहे: त्या कारणावरून नियमाचे बारीक तपशील निघतात का ते बघा. पाळीत बाईला विश्रांती मिळावी म्हणून ‘बाजूला बसणं’ आलं, असं सांगतात. मग तिने आपली भांडी आणि अंथरूण स्वतः धुवायचं, हे कुठून आलं? तापाने फणफणलेल्या सुनेला तीच विश्रांती का मिळत नाही? देवघरात नुसतं बसायला काय कष्ट पडतात? कारण खरं असतं तर नियम वेगळा दिसला असता. कारण चिकटवलेलं आहे हे कळलं म्हणून आजी खोटारडी ठरत नाही. तिने ते तितक्याच विश्वासाने ऐकलेलं असतं.

पायरी तिसरी: या समजुतीची किंमत कोण मोजतं?

माझ्या मते सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे. समजूत खरी की खोटी हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याहून आधी हा विचारा. वहीत दोन रकाने करा. एकात लिहा, ही समजूत पाळली जावी असा आग्रह कोणाचा आहे. दुसऱ्यात लिहा, ती पाळताना झीज कोणाला सोसावी लागते. दोन्ही रकान्यांत एकच नाव आलं, तर घाई नाही. आजोबा गुरुवारचा उपास स्वतः करतात, तब्येत सांभाळून करतात, त्यांचा त्यांना आनंद आहे. नावं वेगळी आली, तर तिथे थांबा आणि नीट बघा.

नाशिकला हा प्रश्न नवा नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो स्त्रीपुरुषांनी तो पुढे वर्षानुवर्षं नेटाने चालवला. दार बंद ठेवा म्हणणारे परंपरेचा दाखला देत होते, आणि त्या परंपरेची किंमत दाराबाहेर उभे असलेले लोक पिढ्यान् पिढ्या मोजत होते. दोन रकाने, दोन वेगळी नावं. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आणि नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या एकवीस वर्षांकडे लक्ष द्या. जे सोडायचं ते ठरलं होतं, पण त्या जागी काय घ्यायचं याचा अभ्यास त्यांनी घाई न करता केला. आपल्या घरगुती प्रश्नाला इतका काळ लागणार नाही, तरी नकार आणि स्वीकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोहोंना वेगळा वेळ लागतो, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

घरातल्या रकान्यांकडे परत या. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हळदीकुंकवाला तिला बोलवायचं नाही: किंमत मोजणारी तीच एक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ‘म्हातारपणी मुलगाच सांभाळतो’ ही समजूत बघा. मुलगी किंमत मोजते हे उघड आहे, पण मुलगाही मोजतो. बाहेरगावची चांगली संधी तो सोडतो, किंवा घेतो आणि आयुष्यभर अपराधी वाटून घेतो. ‘पुरुष रडत नाहीत’ याची किंमत सातपूर-अंबडच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला, कर्जाचं कोणाला सांगू न शकणारा माणूस मोजतो. कधी कधी किंमत मोजणारं नाव आपलंच असतं आणि ते लिहिताना पहिल्यांदा लक्षात येतं.

पायरी चौथी: तपासता येईल तेवढं तपासा

मंगळाचं उदाहरण घेऊ, कारण त्याला फक्त कागद-पेन्सिल लागते. आपल्याकडे कुंडलीत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची धरतात. स्थानं एकूण बारा. त्यांतली पाच म्हणजे शंभर माणसांत साधारण बेचाळीस. आता आपल्या नात्यातली पन्नास लग्नं डोळ्यांसमोर आणा. मंगळाने जोडीदारावर संकट येत असेल, तर दर शंभर माणसांत चाळिसांहून अधिक जणांच्या संसारात ते दिसायला हवं. मग ज्योतिषीच अपवादांची यादी काढतात आणि मंगळ ‘सौम्य’ होतो. ज्या नियमाला सोयीनुसार इतके अपवाद लागतात, त्याच्या भरवशावर एखाद्या मुलीची तीन-चार वर्षं वाया घालवावीत का, हे तुम्हीच ठरवा.

पत्रिकेवरून काही सांगता येतं का, याची रीतसर चाचणीही महाराष्ट्रात झाली आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशे मुलांच्या कुंडल्या जमवल्या. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ती ४६ टक्के. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी पन्नासच्या आसपास आली असती.

या प्रयोगातून घरी वापरण्यासारखे तीन नियम मिळतात. भाकीत आधी लिहून ठेवायचं. बरोबर काय आणि चूक काय ते आधीच ठरवायचं. आणि चुकलेलेही सगळे मोजायचे. तिसरा नियम सगळ्यात अवघड, कारण आपलं मन बरोबर आलेलं तेवढं जपून ठेवतं आणि चुकलेलं सोडून देतं.

दिंडोरी, निफाड, सिन्नरकडच्या वाचकांसाठी पाणाड्याचं उदाहरण जवळचं आहे. तळहातावर नारळ उभा राहिला की तिथे बोअर, असा विश्वास आहे, आणि बोअर कोरडी गेली की पैसा पाण्याविना जातो. हाताची सूक्ष्म हालचाल माणसाच्या नकळत होते, त्यामुळे पाणाडी फसवतोच असं नाही, त्याचाही स्वतःवर विश्वास असतो. पण नियंत्रित चाचण्यांत ही पद्धत योगायोगापेक्षा सरस ठरलेली नाही. त्याला प्रेमाने एवढंच सांगा: जागा दाखवा, आपण खूण करू. मग डोळ्यांवर पट्टी बांधून, शेतात फिरवून पुन्हा त्याच जागा दाखवायला सांगा. दोन्ही वेळच्या खुणा जुळतात का ते बघा. आपल्याकडे खाली बेसॉल्टचा खडक आहे, पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं. त्याचा अंदाज घेण्यासाठी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. बोअर घेण्याआधी तिथे चौकशी करा.

लोणच्याचं तर घरातच होईल. एकाच घाण्यातलं लोणचं दोन बरण्यांत भरा. एकीला पाळी असलेल्या बाईने हात लावायचा, दुसरीला नाही. चमचे दोन्हीकडे कोरडे, मीठ-तेल सारखं. कोणती बरणी कोणती, हे चव घेणाऱ्याला सांगायचं नाही. लोणचं खराब होतं ते ओल्या चमच्याने, कमी मिठाने आणि फोडी तेलाच्या वर राहिल्याने. हा प्रयोग सासूबाईंना आधी सांगून, त्यांच्या मर्जीने करा. त्यांनी स्वतः चव घेतली तर त्याचा जो परिणाम होईल तो तुमच्या दहा वादांनी होणार नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करून बघायची नाही. आजारपण आणि सर्पदंश. मंत्राने उतरलं असं जे सांगतात त्यात बिनविषारी सापाचे दंश मोठ्या संख्येने असतात, आणि विषारी साप चावूनही दर वेळी विष सोडतोच असं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कोण चावलं हे ओळखत बसण्यात वेळ घालवू नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा. चालू असलेली औषधंही कोणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाहीत, मग तो सांगणारा बाबा असो की विज्ञानाचं नाव घेणारा कोणी.

पायरी पाचवी: भीतीला आधी लिहायला लावा, मग छोटं पाऊल टाका

डोक्याला पटलं तरी छाती धडधडते. हे स्वाभाविक आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत एक साधी साखळी आहे: घटना, तिच्याबद्दलची आपली समजूत आणि त्यातून येणारी भावना. आपल्याला वाटतं घटनेने घाबरवलं, प्रत्यक्षात घाबरवते ती मधली समजूत.

समजा, पितृपक्षात मिक्सर घ्यायचा आहे. वहीत लिहा: काय वाईट होईल असं वाटतं, कोणाचं होईल आणि किती दिवसांत. मुदत ठरवा, एक महिना म्हणा. मुदत न ठरवता पाऊल टाकलंत तर दिवाळीनंतर कोणाचा पाय मुरगळला तरी दोष त्या मिक्सरवर जाईल. महिना संपला की वही उघडा. सुरुवात अशाच लहान, स्वतःपुरत्या गोष्टीने करा. घरभरणी किंवा मुलीचं लग्न ही पहिल्या प्रयोगाची जागा नव्हे.

पायरी सहावी: घरात बोलताना

वेळ महत्त्वाची. सण-समारंभात, पाहुण्यांसमोर किंवा कोणाच्या तेराव्याला हा विषय काढू नका. दुःखात असलेल्या माणसाला रीत हाच आधार असतो, तो त्या क्षणी काढून घेणं क्रूर आहे.

बोलताना ‘तुम्ही अंधश्रद्धाळू आहात’ असं म्हटलं की संवाद तिथेच संपतो. स्वतःपुरतं बोला. ‘आई, तुम्ही पाळता त्याला माझी ना नाही. पण पाळीत मला चार दिवस वेगळं बसायला लागतं तेव्हा फार एकटं वाटतं. या महिन्यापासून मी स्वयंपाकघरात येईन. देवघराचं तुमच्या मनाप्रमाणे राहू दे.’ यात मागणी एकच आहे, भावना खरी आहे आणि समोरच्याला मान राखून एक जागा सोडलेली आहे. उत्तर लगेच मागू नका. वडिलांशी बोलायचं असेल तर पुष्कळ घरांत आधी आत्या किंवा काका यांच्याशी बोललेलं बरं. आपल्याकडे निर्णय बैठकीत जाहीर होतो, पण तयार होतो आधीच्या चार भेटींत.

जिथे जीव, छप्पर किंवा शिक्षण धोक्यात येण्याची शक्यता आहे, तिथे हा सल्ला लागू नाही. दुसऱ्या जातीत लग्न करायचं आहे आणि घरातून मारहाणीची धमकी येते आहे, अशा वेळी आधी सुरक्षित जागा आणि विश्वासातलं माणूस शोधा, चर्चा नंतर. ११२ वर पोलिसांची मदत मिळते. जातपंचायतीने वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करणी, भानामती, अघोरी उपचार यांच्या नावाखाली छळ होत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पायरी सातवी: रिकाम्या झालेल्या जागेचं काय करायचं

समजूत गेली की तिच्यासोबत काही चांगलंही जातं. श्राद्ध सोडलं तर वडिलांची आठवण काढायचा ठरलेला दिवसही सुटतो. म्हणून त्या जागी स्वतःचं काहीतरी ठेवा. त्या तिथीला भावंडांनी एकत्र जेवायचं, गावच्या शाळेला पुस्तकं द्यायची. अस्थी रामकुंडात न सोडता शेतात पुरून वर झाड लावणारी कुटुंबं आहेत. कोणाला रामकुंडच हवं असेल, तर तेही समजून घेण्यासारखं आहे.

काही समजुती तपासून झाल्यावर टिकतात. दारात आलेल्याला पाणी विचारायचं, ताटात अन्न टाकायचं नाही, उसनं घेतलेलं सांगितल्या वेळी परत करायचं. यांना आता फक्त ‘आपल्यात असं करतात’ एवढाच आधार उरत नाही. त्या तुम्ही स्वतः निवडलेल्या असतात आणि जास्त मनापासून पाळल्या जातात.

हीच वही पुरोगामी घरातल्या मुलांनीही उघडावी. देव मानायचा नाही, हेही तिथे वारशानेच आलेलं असतं आणि पुष्कळदा न तपासता. इंजिनीअरिंगशिवाय भविष्य नाही, इंग्रजी माध्यमाशिवाय मुलगा मागे पडेल, या कॉलेज रोडवरच्या नव्या समजुती आहेत. त्यांनाही तेच दोन रकाने लावा.

आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या ‘असं का?’ला तीनपैकी जे खरं असेल ते उत्तर द्या. कारण माहीत असेल तर कारण सांगा. नुसती रीत असेल तर ‘ही आपली रीत आहे, मला आवडते’ असं सांगा. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, चल शोधू’ म्हणा, आणि येत्या रविवारी त्याला घेऊन पांडवलेण्यांवर किंवा १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात खरोखर जा.